खुर्चीचा मागचा डावा पाय

डॉक्टरला रिकामा वेळ मिळू नये अशी निसर्गाचीच योजना असावी. तो मिळाल्यावर काय होतं हे मी अंगावर काढलेलं आहे, म्हणून चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे.

झालं असं, की आमच्या इस्पितळात एक परिपत्रक आलं. डॉक्टर मंडळी फार दमतात, पेशंटवर आणि एकमेकांवर खेकसतात, सबब प्रत्येकाने दर रविवारी सक्तीने विरंगुळा घ्यावा, असा हुकूम होता. त्यासाठी एक समिती नेमली गेली आणि समितीवरच्या डॉक्टरांचा उरलासुरला मोकळा वेळ तिच्या बैठकांत गेला. प्रत्येकाने आपला छंद लेखी कळवायचा आणि महिनाअखेरीला त्या छंदातून तयार झालेली एखादी वस्तू प्रदर्शनात मांडायची, असं ठरलं.

मी हाडांचा डॉक्टर. माझा छंद म्हणजे जेवल्यावर आडवं होणं, आणि त्यातून मांडण्यासारखी वस्तू तयार होत नाही. बाकीचे मात्र एकेक छुपे रुस्तम निघाले. हृदयाचे डॉक्टर लोकरीचे मोजे विणत होते. कातडीचे डॉक्टर मातीची भांडी करत होते. भूल देणाऱ्या बाई बासरी शिकत होत्या. त्यांच्या वादनाने श्रोत्यांचं काय होत असेल, यावर करण्यासारखे सगळे विनोद करून झालेले आहेत, त्यामुळे मी नवा करत नाही. याच बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हवाय छंद? दिवसभर सुतारकामच तर करता."

आता आमच्या कामात करवत असते, हातोडी असते, गिरमिट असतं, स्क्रू असतात हे खरं आहे. पण ते असं चारचौघांत म्हणायचं नसतं. मला ते लागलं. मी तिरीमिरीत कागद ओढला आणि छंद या शब्दापुढे ठळक अक्षरांत 'सुतारकाम' असं लिहून सही ठोकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं. तिच्या हसण्याला आधार होता, हे मी मान्य करतो. आमच्या दिवाणखान्यात कॅलेंडरसाठी मी ठोकलेला एक खिळा आहे. त्याच्या आजूबाजूला जी भोकं आहेत, तीही मीच ठोकलेली आहेत. कॅलेंडर लेकीने शेवटी चिकटपट्टीने लावलं. पण बायको हसली म्हणून माघार घेणारा मी नव्हे. मी घरात नजर फिरवली आणि ती अप्पांच्या खुर्चीवर थांबली.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते एक बॅग आणि ही लाकडी खुर्ची घेऊन. अप्पा कोर्टात लघुलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतल्यामुळे त्यांना स्वतः बोलायची सवय राहिलेली नाही. माझ्याशी तर ते मोजून दोन शब्द बोलतात. एक 'डॉक्टर', दुसरा 'बरं'. मी गाडी घेतली तेव्हा 'बरं'. माझा लेख परदेशी मासिकात छापून आला तेव्हाही 'बरं'. बायको सांगते की अप्पा खूश झाले की 'वा' म्हणतात, आणि तिने तो लहानपणी बऱ्याचदा ऐकलाय. मी जावई झाल्यापासून त्या एका अक्षराची वाट पाहतो आहे. मोठमोठे पेशंट माझ्या पाया पडून गेलेत, पण खरं सांगतो, मला अप्पांचा 'वा' हवा होता.

तर ही खुर्ची डगमगायची. अप्पा सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन खिडकीशी बसत आणि खुर्ची मागे-पुढे टक, टक, टक अशी वाजत राही. मला ती टकटक म्हणजे माझ्या विद्येचा अपमान वाटे. हाडांच्या डॉक्टरच्या घरात, रोज त्याच्या डोळ्यांसमोर, एक लंगडा पाय. आणि तोही सासऱ्यांचा, म्हणजे सासऱ्यांच्या खुर्चीचा. मी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. खुर्ची बरी करायची, प्रदर्शनात मांडायची आणि अप्पांचा 'वा' मिळवायचा.

ही बातमी इमारतीत कशी पसरली देव जाणे. पहिल्या आल्या समोरच्या काकू. त्यांनी मला खुर्ची उलटी करून तिच्याकडे बघत बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी." मग पायाखाली घडी करून कागद सारा, दोन मिनिटांचं काम, असा सल्ला दिला आणि आमच्याकडची साखर घेऊन गेल्या. म्हण ऐकून मला राग आला, पण कागदाचा उपाय करून पाहिला. टकटक थांबली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कागद गायब आणि टकटक सुरू. पुन्हा जाडसर पुठ्ठा सारला. तोही गायब. मी केर काढणाऱ्या बाईंवर संशय घेतला. बाईंनी माझ्यासमोर झाडू ठेवून दिला आणि म्हणाल्या, उद्यापासून तुम्हीच काढा. बायकोने मध्ये पडून मला माफी मागायला लावली. वैद्यकीय भाषेत सांगायचं तर वरवरच्या उपायाने आजार उलटत होता. मूळ कारण शोधणं भाग होतं.

दुसरे आले वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर. ते निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्यांच्या घरात काम शोधावं लागतं. त्यांनी सपाटी मोजायची पाणसळ आणली, खुर्चीवर ठेवली, मग जमिनीवर ठेवली, मग टेबलावर, आणि जाहीर केलं की खुर्ची सरळ आहे, इमारत कलली आहे. त्या संध्याकाळी इमारतीच्या कमिटीची तातडीची सभा भरली. तळमजल्यावरच्यांनी वरच्यांच्या पाण्याच्या टाक्यांना दोष दिला, वरच्यांनी तळमजल्यावरच्यांच्या कपाटांना. दोन शेजारी, जे आजवर एकमेकांकडे वाटीभर पीठ मागायचे, ते वकील बघायची भाषा करू लागले. नंतर कळलं की पाणसळ इंजिनिअरांच्या नातवाच्या हातून पडून वाकडी झाली होती. सभेचं इतिवृत्त मागे घ्यायला पुन्हा एक सभा भरली.

मी मात्र शास्त्र सोडलं नाही. माणसाच्या पायाची लांबी कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत मोजतात. खुर्चीला घोटा नसतो, ही पहिली अडचण. चार पाय असल्यामुळे आखूड कोणता आणि लांब कोणता हेही एकदम सांगता येत नाही, ही दुसरी. माणसाचं सोपं असतं, दोनच पाय, त्यातला एक तो स्वतःच दाखवतो. खुर्ची काही सांगत नव्हती. अशा वेळी सगळे डॉक्टर जे करतात तेच मी केलं. एक्स-रे काढायचं ठरवलं.

रविवारी अप्पा अंघोळीला गेल्यावर मी खुर्ची गाडीत घातली. दोन पाय खिडकीबाहेर काढून आम्ही इस्पितळात पोचलो. फाटकावरच्या रखवालदाराने नेहमीप्रमाणे सलाम केला. एक्स-रेच्या खोलीत आमचा ऑपरेटर एकटाच होता. तो माणूस चांगला, पण त्याचं यंत्र हट्टी. नाव, वय आणि नातेवाईक भरल्याशिवाय ते सुरूच होईना. शेवटी आम्ही नाव घातलं खुर्ची, आडनाव सागवानी, वय साठच्या पुढे, तक्रार 'मागचा एक पाय आखूड' आणि नातेवाईक म्हणून मी, नातं जावई.

एक्स-रे वाचणारे आमचे डॉक्टर रविवारी घरी बसून संगणकावर वाचतात. त्यांचा अहवाल लगेच आला. हाडांची घनता जवळजवळ शून्य. गुडघे आढळले नाहीत. जुन्या शस्त्रक्रियेतले खिळे जागेवर आहेत. मागचा डावा पाय किंचित आखूड. रुग्णाने वजन उचलू नये आणि कॅल्शियम सुरू करावं. मला फक्त चौथं वाक्य हवं होतं. मी खुर्ची काखोटीला मारून बाहेर निघालो आणि ज्याने आत येताना सलाम केला होता, त्याच रखवालदाराने मला अडवलं.

फर्निचर बाहेर न्यायचं असेल तर भांडारातून पास लागतो, असा नियम निघाला. ही माझीच खुर्ची आहे, मीच आत्ता आणली, असं मी म्हटलं. रखवालदार नम्रपणे म्हणाला की पंखा नेताना गेल्या खेपेचे साहेबही असंच म्हणाले होते. भांडारातले कारकून आले. त्यांनी खुर्ची उलटीसुलटी करून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला, कारण इस्पितळाच्या खुर्चीवर नंबर नव्हता. हा त्यांच्या खात्याचा हलगर्जीपणा समजून त्यांनी मला दोनदा सॉरी म्हटलं, पांढरा रंग आणला आणि माझ्या डोळ्यांदेखत बैठकीच्या खालच्या बाजूला नंबर घातला. अशा रीतीने अप्पांची खुर्ची इस्पितळाच्या मालकीची झाली. दुसऱ्याच्या संसारातून आलेली एकुलती एक वस्तू मी एका सकाळीत घालवली होती, आणि घरी अप्पांची अंघोळ केव्हाच झाली असणार होती.

कारकून म्हणाले, खरेदीची पावती आणा. पावती असलीच तर ती अप्पांच्या लग्नाच्या वेळची. मी बाकावर बसलो. शेजारी खुर्ची उभी होती. समोर पाटी होती, 'रुग्णांनी डिस्चार्जशिवाय बाहेर जाऊ नये.' ती पाटी मी रोज पाहतो, पण वाचली त्या दिवशी. फर्निचर बाहेर जाऊ शकत नव्हतं, पण पेशंट जाऊ शकत होता, आणि खुर्ची सागवानी ही यंत्राच्या मते आमची पेशंट होती. मी धावत जाऊन तिचा डिस्चार्ज लिहिला. प्रकृती स्थिर, असं लिहिताना पेन जरा अडखळलं.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी कागद तपासला, त्यावर काहीएक शंका घेतली नाही, फक्त नियमावर बोट ठेवलं. डिस्चार्ज मिळालेला पेशंट फाटकापर्यंत चाकाच्या खुर्चीतूनच जातो. तेव्हा अप्पांच्या खुर्चीला चाकाच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला आणि आमची वरात व्हरांड्यातून निघाली. सगळा रविवारचा भेटायला आलेला लोकसमुदाय बाजूला झाला. एका आजीबाईंनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. बहुधा त्यांना वाटलं असावं की पेशंट गेला आणि डॉक्टरला ते अजून कळलेलं नाही. फाटकावर रखवालदाराने डिस्चार्जचा कागद वाचला आणि सलाम केला.

आता उपचार. इंजिनिअरांचं मत होतं की बाकीचे तीन पाय थोडे थोडे कापून चौथ्याच्या बरोबरीला आणावेत. हे ऐकून माझ्यातला डॉक्टर खवळला. एका आजारी पायासाठी तीन धडधाकट पाय कापायचे, हे आम्हाला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नाही. पाय आखूड असेल तर आम्ही पेशंटला उंच टाचेचा बूट देतो. खुर्चीलाही बूट द्यायचा, असं मी ठरवलं.

बूट घरात होता. आमच्या लग्नात अप्पांनी मला काळे कातडी बूट घेतले होते. ते मला पहिल्याच दिवशी इतके चावले की लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी गंभीर दिसतो. तेव्हापासून ते माळ्यावर होते. त्यातला डावा काढला. पायाभोवती आधी कापूस गुंडाळला, कारण प्लास्टर थेट कातडीला चिकटू द्यायचं नसतं, मग बुटात प्लास्टर भरून त्यात पाय बसवला आणि टाच घासत घासत बरोबर उंचीला आणली. नाडी बांधली. खुर्ची जमिनीवर ठेवली आणि हलवून पाहिली. ढिम्म हलली नाही. मी एकटाच खोलीत होतो, तरी मला दोनदा मान झुकवून नमस्कार करावासा वाटला.

प्रदर्शनात माझ्या खुर्चीपुढे गर्दी हटेना. मोज्यांकडे कोणी बघेना, मडक्यांना कोणी विचारेना. एक काळा चकचकीत बूट घातलेली खुर्ची बघायला वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे आले. आमचे मोठे साहेब, जे वजनदार या शब्दाच्या सर्व अर्थांनी मोठे आहेत, ते तिच्यावर बसले. खुर्चीने साधा आवाजही केला नाही. भूल देणाऱ्या बाईंनी स्वतः येऊन माझा हात हातात घेतला. मग मी अप्पांना पुढे आणलं. त्यांनी बुटाकडे पाहिलं, खुर्चीत बसले, मागे रेलले, पुढे वाकले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, मी सर्वांत जास्त.

"बरं," अप्पा म्हणाले.

बक्षिसाचा चषक मी गाडीच्या मागच्या सीटवर टाकून दिला.

या खेपेला प्रदर्शनाचा पास होता, त्यामुळे खुर्ची बिनबोभाट फाटकाबाहेर पडली. खरी गंमत घरी सुरू झाली. म्हणजे ती गंमत आहे हे मला उशिरा कळलं. सकाळी अप्पा शब्दकोडं घेऊन खिडकीशी बसले आणि घरात शांतता पसरली. थोड्या वेळाने बायको चहा घेऊन आली. अप्पा म्हणाले, अजून कोडं कुठे सुटलंय. ती आत गेली आणि पुन्हा चहा घेऊन आली. तिचाही नाइलाज होता. तिच्या आईच्या वेळेपासून रिवाज असा की टकटक थांबली म्हणजे कोडं सुटलं, आणि कोडं सुटलं म्हणजे चहा. आता टकटक कायमचीच थांबली होती आणि तिचे हात आपोआप आधण ठेवत होते. अप्पा चहावर चहा पीत होते, कोडं सुटत नव्हतं, लेक दर थोड्या वेळाने दारातून डोकावून आजोबा ठीक आहेत ना ते बघत होती. दोन-तीन दिवसांत घरातला सगळ्यांचा ताल बिघडला. समोरच्या काकूंनी येऊन विचारलं, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का, आवाज येत नाही. साखर संपली होती, म्हणून त्या लवकर गेल्या.

रविवारी मी अप्पांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. कोड्याचे सगळे चौकोन कोरे होते. आणि मी ते केलं जे पेशंट खोलीत आला की सर्वांत आधी करतो, आणि जे या खेपेला शेजारी, पाणसळ, एक्स-रे आणि प्लास्टर सगळं उरकल्यावर शेवटी करत होतो.

"अप्पा, काय त्रास होतोय?"

अप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि माझ्या हातावर घडी केलेले कागद आणि पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. सगळे माझेच होते. केर काढणाऱ्या बाईंची मी माफी मागितली होती, ती किती योग्य होती ते मला तेव्हा कळलं.

"कोर्टात आम्हाला हलता येत नसे, डॉक्टर," ते म्हणाले. "हललं की पेन्सिल हलते, आणि एक अक्षर चुकलं तरी माणसाचं नुकसान. दिवसभर पुतळ्यासारखं बसायचं. लग्न झाल्यावर खुर्ची घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, ही डगमगते, दुसरी देतो. म्हटलं, हीच द्या. संध्याकाळी घरी आलो की हिच्यावर बसून दिवसभराचं हलून घ्यायचो. डोकंही तेव्हाच चालतं माझं."

इतकं लांब ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

डॉक्टरला याहून मोठा पराभव नाही, आणि तो मला माझ्याच घरात, माझ्याच पेशंटने दिला होता. अप्पा वाकून बुटाकडे बघत होते.

"हा बूट मीच घेतला होता ना, तुमच्या लग्नात?"

"हो."

"चावत होता?"

"फार."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणालो.

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना मी हसताना कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं ठसका लागला, आणि मी त्यांची पाठ चोळायला उठलोसुद्धा. ते डोळे पुसत पुसत हसत होते, आणि मग मलाही आवरेना. लग्नाच्या फोटोंतले ते माझे गंभीर चेहरे दोघांनाही एकदमच आठवले असावेत.

"प्रदर्शनाला जायचं तर बूट ठीक आहे," अप्पा म्हणाले. "घरात आल्यावर काढतात."

मी जमिनीवर मांडी घातली आणि नाडी सोडली. कापूस घातला होता म्हणून पाय अलगद बाहेर आला. विद्या अगदीच फुकट गेली नाही. अप्पा बसले. मागे रेलले, पुढे वाकले. टक. आतल्या खोलीतून लेक ओरडली की आजोबा बरे झाले. टक, टक, टक. पेन्सिल कोड्यावर फिरायला लागली. मी स्टुलावर बसून ती टकटक ऐकत राहिलो. आजवर ती मला इतकी गोड लागली नव्हती. मग ती थांबली आणि स्वयंपाकघरात आधण चढल्याचा आवाज आला.

बायको चहा घेऊन आली. ती आत गेल्यावर अप्पांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, भरलेल्या कोड्याकडे पाहिलं, खुर्चीच्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा."

मी स्टुलावर ताठ बसलो. पण लगेच मन खट्टू झालं. चहाचा घोट घेतल्यावर कोणीही 'वा' म्हणतं. इतकी वर्षं वाट पाहून मिळाला तो असा, चहाच्या वाट्याचा. मी स्टूल आत नेऊन ठेवायच्या निमित्ताने उठलो, आणि बायकोने मला दारातच थांबवलं.

"अप्पा काही बोलले का रे चहाबद्दल?" ती हळूच म्हणाली. "काकू परत साखर घेऊन गेल्या. आज घातलीच नाहीये."